वकील बहिणीचा की भावाचा?

पत्र

महोदया,

माझी धाकटी बहीण लग्नानंतर पुण्याला कोथरूडला राहत होती. लग्नाला ९ वर्षं झाली, ६ वर्षांची मुलगी आहे. जावई खासगी कंपनीत चांगल्या पगारावर आहेत. कुरबुरी पहिल्यापासून होत्याच, शेवटी ८ महिन्यांपूर्वी ती भाचीला घेऊन इंदिरानगरला आमच्याकडे निघून आली. भाचीचं नाव आता इथल्याच शाळेत घातलं आहे. मागच्या आठवड्यात तिकडच्या वकिलाची नोटीस आली. १५ दिवसांत नांदायला या, नाहीतर कोर्टात जाऊ आणि मुलीचा ताबाही मागू, असं लिहिलंय.

मी तीन वकील पाहिले. पहिले निफाडच्या काकांचे, त्यांनी काकांना बांधाची केस जिंकून दिली होती. दुसरे गंगापूर रोडचे, मोठं ऑफिस. म्हणाले, एकरकमी फी भरा, मुलगी शंभर टक्के तुमच्याकडेच राहील. तिसरे म्हणाले, आधी सासरच्या सगळ्यांवर पोलीस केस टाका, मग बघा कसे पाय धरत येतात. मला तिसरे पटतात, कारण त्या माणसाला धडा शिकवणारा जबरदस्त वकील हवा. आई म्हणते, काकांच्याच वकिलाला द्या, घरचा माणूस आहे. बहीण पार खचली आहे. तिला कोर्टकचेरीत ओढायचं नाही, सगळं मीच बघायचं असं आम्ही ठरवलंय. कोणाला नेमावं? फी किती द्यावी?

एक भाऊ, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

तुमच्या पत्रात काका आहेत, आई आहे, तीन वकील आहेत, तुम्ही तर आहातच. बहिणीला काय हवंय, ते मात्र कुठेच नाही. तिला घटस्फोट हवाय? काही दिवस नुसतं वेगळं राहायचंय? की नवरा वेगळं बिऱ्हाड करायला तयार झाला तर अजूनही परत जायची तयारी आहे? या तिन्हींना वेगवेगळे अर्ज लागतात, आणि कदाचित वेगवेगळे वकीलही. तेव्हा वकील कोणता हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा आणि तिला विचारा. आईसमोर नको, जेवणाच्या ताटावर तर नकोच.

तिला कोर्टकचेरीत ओढायचं नाही म्हणता, त्यामागची माया मला कळते. पण असं करता येत नाही. वकीलपत्रावर सही तिची लागते. याचिकेत नाव तिचं, शपथपत्र तिचं, आणि पुरावा सुरू झाला की पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणीला उत्तरं देणार तीच. तुम्ही सांगितलेली हकीकत वकिलाने लिहून घेतली, तिने न वाचता सही केली, आणि वर्ष-दीड वर्षाने समोरच्या वकिलाने शांतपणे विचारलं की ‘बाई, परिच्छेद सहामधली ही घटना घडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?’, तर ती तुमच्याकडे बघणार. न्यायाधीशांना तेवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट आहे. नवरा-बायकोच्या भांडणात असं बरंच काही असतं जे बहीण भावासमोर बोलत नाही. पैशाचं बोलेल, सासूचं बोलेल. खोलीतलं नाही बोलणार. आणि कधीकधी केसचा खरा गाभा तिथेच असतो. म्हणून वकिलाच्या पहिल्या भेटीत तुम्ही तिला गाडीवर घेऊन जा, खाली टपरीवर चहा घ्या, पण आत तिला एकटीला बसू द्या. जो वकील ‘भाऊंनाही बोलवा, बाईंना काय कळतंय’ म्हणेल, त्याच्याकडे परत जायचं कारण नाही. तुम्ही नेमायला निघाला आहात तो तुमचा वकील. मी ज्याबद्दल लिहिणार आहे तो तिचा.

आता तुमचे तिघे.

काकांच्या वकिलांबद्दल मला अनादर नाही. दिवाणी कामात ते मुरलेले असतील. पण बांधाच्या केसमध्ये वादातली जमीन जागच्या जागी असते. सरकारी मोजणी होते, नकाशा येतो, दहा वर्षांनी निकाल लागला तरी बांध तिथेच. इथे ज्या मुलीवरून वाद आहे तिचे दुधाचे दात पडतायत, तिला गृहपाठ आहे, बाबांची आठवण येते. कौटुंबिक न्यायालयाचं काम चालतंही वेगळं. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालयं झाली आणि नाशिकला आपलं स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय आहे. तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे, त्यामुळे प्रकरण बहुधा आधी विवाह समुपदेशकांपुढे जातं. सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. आणि फार जणांना माहीत नसतं, पण या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी मागावी लागते. ती सहसा मिळते, तरी रिवाज तो आहे. रोज तिथे उभा राहणारा वकील समुपदेशनाला पक्षकार कसा पाठवायचा, काय बोलायचं, कुठे गप्प बसायचं हे सांगतो. कधीतरी येणाऱ्याला ही पायरी म्हणजे दोन तारखांचा खोळंबा वाटते.

शिवाय काकांच्या वकिलाला केस दिलीत की ती निफाडच्या प्रत्येक साखरपुड्यात पंगतीला वाढली जाईल. वकील बोलणार नाहीत, काका बोलतील.

गंगापूर रोडच्या साहेबांनी शंभर टक्के म्हटलं, ते कशाच्या जोरावर? १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा म्हणतो की ५ वर्षांच्या आतलं मूल सामान्यतः आईकडे असावं. तुमची भाची ६ वर्षांची आहे. त्यापुढे निकष एकच, मुलीचं हित. त्यात कोण किती कमावतं एवढंच येत नाही. तिला रोज कोण उठवतं, शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण जागतं, घरात वातावरण कसं आहे, दुसऱ्या पालकाला भेटू दिलं जातं का, हे सगळं बघितलं जातं. मूल समजतं असेल तर न्यायाधीश स्वतः चेंबरमध्ये त्याच्याशी बोलतात. तुमच्या बहिणीची बाजू या सगळ्यात चांगली दिसते, मला तसं वाटतंही. पण ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की पुन्हा बदलून मागता येतो. जी गोष्ट एकदाच कायमची ठरत नाही तिची हमी कोणी कशी देईल? हमी मिळाली की फीमध्ये घासाघीस होत नाही, एवढाच तिचा उपयोग.

तिसऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं मन तिथे आहे.

बहिणीला मारहाण झाली असेल, पैशासाठी छळ झाला असेल, तर तक्रार केलीच पाहिजे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघू नका. महिला हेल्पलाइन १८१ आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात ती आत्ता राहते तिथल्या, म्हणजे नाशिकच्या, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण, खर्च आणि मुलीचा तात्पुरता ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून. पण मला दिसतंय की तुमच्या तिसऱ्या वकिलांनी ‘काय घडलं?’ हे विचारलंच नाही. आधी कलम काढलं, घटना मग शोधायच्या. हे धोक्याचं आहे. पोलीस केस टाकली की सासरचं सगळं गणगोत आत, हे चित्र जुनं झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही असं बजावलं. लांबच्या नणंदा-दिरांवर मोघम आरोप केले तर ते उच्च न्यायालयात टिकत नाहीत. आणि एक खोटं नाव घातलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

दुसरं असं की, ज्यांच्यावर तुम्ही केस टाकणार ते तुमच्या भाचीचे आजी-आजोबा आहेत. घटस्फोट झाला तरी ते नातं तुटत नाही.

कोर्टात आवाज चढवणारा वकील पक्षकाराच्या भावाला फार आवडतो. न्यायाधीशांना तितकासा नाही. घरगुती वादात जो वकील समोरच्या वकिलाशी कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं नीट बोलू शकतो, तो मुलीच्या वाढदिवसाला कोण कुठे असेल हे तारीख न घालवता ठरवून आणतो. धडा शिकवायचा असेल तर तो खर्च तुमचा आहे, आणि त्याची फी भाची भरते.

मग शोधायचा कुठे? इंटरनेटवर ‘नाशिकचे सर्वोत्तम दहा’ अशा याद्या सापडतात, त्या बाजूला ठेवा. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा ती यादी कोणी आणि का केली असेल याचा विचार करा. जिची केस संपली आहे अशी ओळखीतली बाई शोधा. केस चालू असलेली नको, ती एकतर वकिलाच्या प्रेमात असते किंवा रागात. ‘जिंकलात का’ विचारू नका. वकील फोन उचलायचे का, तारखेला स्वतः यायचे की दर वेळी नवा ज्युनिअर पाठवायचे, कागद वेळेवर दाखल व्हायचे का, हे विचारा.

आणि सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. नोकरी असली तरी मिळतो. ‘फुकटचा वकील काय लढणार’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते सरसकट पटत नाही, तिथल्या पॅनेलवर चांगली माणसंही असतात. निदान एकदा जाऊन तिला सल्ला घेऊ द्या. तुम्ही नेमलेला वकील जे सांगतो ते ताडून बघायला दुसरं मत मिळतं. विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

पहिल्या भेटीला जाण्याआधी बहिणीला एक काम करायला सांगा. दोन पानं, तारखेप्रमाणे. लग्न कधी, कुठे, पुण्यात घर कोणाचं, मुलीचा जन्म, नोकरी सोडली असेल तर कधी आणि का, नाशिकला आली तो दिवस, त्यानंतर नवऱ्याने कधी पैसे पाठवले, कधी मुलीशी बोलला. ‘सासूबाई सतत टोमणे मारायच्या’ हे वाक्य खरं असलं तरी वकिलाला त्याचं काही करता येत नाही. ‘२०२४ च्या पाडव्याला ओवाळणीवरून सगळ्यांसमोर बोलल्या, मोठी नणंद हजर होती, रात्री मी आईला फोन केला’ हे वाक्य कामाचं. त्यात दिवस आहे, प्रसंग आहे, माणूस आहे, आणि फोनची नोंद निघू शकते. जिथे नवऱ्याचं बरोबर होतं, तेही लिहायला सांगा. ते उलटतपासणीत निघणारच असतं, आपल्या वकिलाला आधी माहीत असलेलं बरं.

सोबत लग्नाचा दाखला, तो नसेल तर पत्रिका आणि फोटो. मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पुण्याच्या शाळेचा दाखला, नाशिकच्या शाळेच्या फीच्या पावत्या. बहिणीचं बँक पासबुक, जावयांची जुनी पगारपत्रकं घरात कुठे राहिली असतील तर तीही. सगळ्याच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद दाखवून परत घरी आणा. वकिलाला मूळ कागद द्यावाच लागला तर त्याच्या कारकुनाची यादीवर सही घ्या. जुना फोन विकू नका, चॅट पुसू नका. नवरा-बायकोचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलाय. हे दोन्हीकडून लागू आहे बरं. रागाच्या भरात तुम्ही जावयांना फोनवर जे बोलला असाल, तेही तिकडे साठवलेलं असेल असं धरून चाला. यापुढे फोन करू नका.

आता वकिलाला विचारायचं काय? सगळ्यात आधी, ‘आमच्या केसमधली कच्ची बाजू कोणती?’ जो दोन मिनिटं विचार करून एखादी खरी कच्ची बाजू सांगतो, तो कामाचा. ‘काही नाही, सोपी केस आहे’ म्हणणाऱ्याने कागद वाचलेले नाहीत. मग विचारा की ताब्याच्या किती प्रकरणांत तुम्ही पुराव्यापर्यंत गेलात, तारखेला कोण उभं राहणार, आणि दाखल कुठे करायचं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे समोरचा कितपत पाण्यात आहे ते कळेल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली. बायको अर्ज करणार असेल तर ती सध्या राहते तिथल्या न्यायालयात करू शकते, म्हणजे नाशिकला. मुलीच्या पालकत्वाचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहतं तिथे चालतो. इथल्या शाळेचा कागद म्हणूनच महत्त्वाचा. जावयांनी आधी पुण्यात दाखल केलं तर ते प्रकरण नाशिकला वर्ग करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. लहान मूल घेऊन दर तारखेला पुण्याला जाणाऱ्या बाईची अडचण तिथे विचारात घेतली जाते. मिळेलच असं नाही, पण वकिलाने हा मार्ग स्वतःहून सांगायला हवा.

फीचं. नाशिकमध्ये दोन वकिलांचे आकडे दुपटी-तिपटीने वेगळे निघाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. आकड्यापेक्षा आकड्यात काय काय आलं ते बघा. नोटिशीचं उत्तर, मूळ याचिका, अंतरिम पोटगीचा अर्ज, ताब्याचा अर्ज, उलटतपासणी, शेवटचा युक्तिवाद हे सगळं एकात आहे की प्रत्येक पायरीला वेगळं? पुण्याला जावं लागलं तर? उच्च न्यायालयाचा वकील निराळा, त्याची फी निराळी. हे सगळं एका कागदावर लिहून घ्या आणि दर वेळी पावती मागा. तोंडी ‘बघू हो नंतर, घरचंच आहे’ म्हणणारा वकील शेवटी सगळ्यात महाग पडतो. एकरकमी सगळी रक्कम आधी देऊ नका, टप्प्याटप्प्याने द्या. आणि पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागितली तर उठून या, निकालाच्या रकमेत हिस्सा घेणं वकिलांना नियमानेच बंद आहे.

खर्चाची काळजी थोडी कमी करते. महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. कुणी ‘स्टॅम्पचे’ म्हणून मोठी रक्कम मागितली तर कशाचे ते विचारा. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालू असतानाची पोटगी आणि केसचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो. त्यासाठी २०२० च्या एका निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यावं लागतं. बहिणीच्या नावावर एफडी असेल, ती घरून शिकवण्या घेत असेल, तर ते लिहायचं. ‘दाखवू नका, कोण बघतंय’ असा सल्ला देणारा वकील तिला खोटं शपथपत्र करायला लावतोय, आणि सही त्याची नसते.

भाचीकडे येते. जावई फोन करतात का? तुम्ही उचलू देता का? पत्रात नाही, म्हणून विचारते. बंद केला असेल तर आजच सुरू करा. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्या पालकाला भेटीचा आणि फोन-व्हिडिओवर बोलण्याचा मार्ग मोकळा असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय. बापाला तोडणारी आई ही प्रतिमा ताब्याच्या अर्जात फार जड जाते. रोज संध्याकाळी सातला दहा मिनिटं बोलू दे, तुम्ही खोलीबाहेर थांबा, नंतर ‘काय म्हणाले बाबा’ विचारू नका. वकिलाच्या ऑफिसात तिला नेऊ नका. आणि कोणताही वकील तिला ‘कोर्टात असं सांग हं बाळा’ म्हणून पढवायला लागला, तर त्या क्षणी केस काढून घ्या. पढवलेलं पोर न्यायाधीश पहिल्या मिनिटात ओळखतात.

सामंजस्याने घटस्फोट हा पर्याय तिघांपैकी एकाही वकिलाने काढला नाही, याचं मला नवल वाटतं. पती-पत्नी वर्षभर वेगळे राहिल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांचा संयुक्त अर्ज करता येतो. तुमचे ८ महिने झालेत. अर्जानंतर ६ महिने थांबावं लागतं, पण योग्य प्रकरणात न्यायालय ती मुदत माफ करू शकतं, हे २०१७ मध्ये ठरलंय. निकाल होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, म्हणून अटी नीट लिहाव्या लागतात. सुट्ट्या कोणाकडे, शाळेचा खर्च कोणाचा, आजारपणात दवाखान्याचा निर्णय कोण घेणार, दागिने कधी परत मिळणार. ‘मला काही नको, फक्त सुटका हवी’ म्हणून मुलीच्या खर्चावर पाणी सोडायला तिला देऊ नका. तो हक्क मुलीचा आहे, आईला सोडता येत नाही. अशा अटी बारकाईने लिहिणारा वकील भांडणाऱ्या वकिलापेक्षा दुर्मीळ असतो. तो मिळाला तर धरून ठेवा.

आणि त्या नोटिशीने घाबरून जाऊ नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नाही. १५ दिवस संपले म्हणून पोलीस येऊन तिला कोथरूडला नेणार नाहीत. नांदायला या असा हुकूम उद्या कोर्टाने दिला तरी तसं उचलून नेता येत नाही. पण गप्पही बसू नका, कारण ‘बोलावलं तरी आली नाही’ हेच पुढे तिच्याविरुद्ध मांडलं जाईल. ती का आली, कोणत्या परिस्थितीत परत जायला तयार आहे किंवा नाही, हे तिच्या वकिलाने मुदतीत लेखी कळवावं. उत्तर तुम्ही लिहू नका. नोटीस ज्या पाकिटात आली ते पाकीट शिक्क्यासकट ठेवा. खरं समन्स आलं तर त्यावरची तारीख चुकवायची नाही. गैरहजर राहिलं तर प्रकरण एकतर्फी पुढे जातं, आणि ते उघडून घ्यायला वेगळा अर्ज, वेगळी फी.

पहिला निवडलेला वकील चुकीचा निघाला तर? बदलता येतो. लोक वर्षानुवर्षं भिडेपोटी बदलत नाहीत. जुन्या वकिलाची ना-हरकत घ्यायची रीत आहे. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय. कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत बहिणीच्या स्वतःच्या फाइलमध्ये असली की ही वेळ आली तरी अडत नाही. दाखल झाल्याबरोबर केसचा सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टाने त्या केसला दिलेला ओळख क्रमांक, मागून घ्या आणि तिच्या फोनमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप टाका. पुढची तारीख तिला वकिलाच्या कारकुनाला न विचारता दिसेल. ॲप तिच्या फोनमध्ये हं, तुमच्या नाही.